भूमिगत वाहिन्या आणि शाळेचा शेजार

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनात केलेले भाषण)



भूमिगत पाइपलाइनींच्या सुरक्षिततेविषयी आजच्या संमेलनात मी चार शब्द बोलावेत असे सुचविण्यात आले, तेव्हा प्रथम मला संकोच वाटला. पटनोंदणी, वाचनचाचण्या आणि पोषण आहाराचे हिशेब यांत आकंठ बुडालेल्या शिक्षकवर्गापुढे तेलाच्या नि वायूच्या नळांची कथा लावणे अप्रस्तुत ठरेल की काय, अशी शंका मनात आली. परंतु ज्या प्रसंगामुळे माझे लक्ष या विषयाकडे वेधले गेले, तो एका प्राथमिक शाळेच्या कुंपणालगतच घडला होता. तेव्हा आरंभ त्या प्रसंगापासूनच करतो.

शाळेमागच्या मोकळ्या पट्ट्यात मुले क्रिकेट खेळत होती. एका बाजूच्या यष्ट्यांची जागा जमिनीत रोवलेल्या एका पिवळ्या खांबाने घेतली होती. खांबावर पाटी, पाटीवर कंपनीचे नाव, धोक्याची सूचना आणि दूरध्वनीचा क्रमांक. मजकूर इंग्रजी व हिंदी होता, मराठीचा एक शब्द नव्हता. आणि चेंडूच्या माऱ्याने क्रमांकातील दोन आकडे पार उडून गेले होते. हा खांब कशाचा, असे मी मुलांना विचारले. एक म्हणाला लाइटीचा, दुसरा म्हणाला फोनचा. चौथीतला एक चुणचुणीत मुलगा पुढे येऊन म्हणाला, "खाली गॅस हाय सर, पन बंद हाय." बंद कशावरून? "वास कुठं येतोय!"

त्या मुलाच्या तर्कात काही दोष नव्हता. घरच्या सिलिंडरची नळी सैल झाली की वास येतो, हे त्याने आईकडून शंभरदा ऐकले असणार. त्यावरून त्याने काढलेले अनुमान आपण वर्गात ज्याला शाबासकी देऊ त्याच जातीचे होते. दोष होता तो त्याला मिळालेल्या माहितीत. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. घरगुती गॅसला येणारा तो उग्र दर्प मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन जातीच्या गंधकयुक्त द्रव्याचा असतो. लांब पल्ल्याच्या मोठ्या वाहिन्यांतून जाणाऱ्या वायूत हे द्रव्य असतेच असे नाही. तेव्हा वास नाही म्हणून वायू नाही, ही समजूत त्या पिवळ्या खांबापाशी घातक ठरू शकते.

वायूला वास लावण्याची ही प्रथा सक्तीची कशी झाली, त्याची हकीकत शिक्षकांनी तरी जाणून घेतली पाहिजे. कारण ती हकीकत एका शाळेची आहे. अमेरिकेतील टेक्सस संस्थानात न्यू लंडन नावाचे एक गाव आहे. १९३० नंतर त्या टापूत तेलाच्या खाणी निघाल्या आणि गावाची शाळा हां हां म्हणता श्रीमंत झाली. इमारत भव्य, प्रयोगशाळा सुसज्ज. इमारत ऊबदार ठेवण्यासाठी खोल्याखोल्यांतून गॅसचे हीटर बसविले होते. त्या काळी तेलकंपन्या तेलाबरोबर निघणारा उरलासुरला वायू निरुपयोगी म्हणून जाळून टाकीत. शाळेच्या चालकांनी महिन्याचे गॅसचे बिल वाचावे म्हणून तशा वायूच्या एका नळाला आपला नळ जोडून घेतला. त्या भागात असे करण्याची रीतच पडून गेली होती. इमारतीखालच्या पोकळीत एक सांधा गळत होता आणि तेथे वायू साठत होता. वास नसल्यामुळे कुणालाच काही उमगले नाही. मुलांची डोकी दुखत असत, पण डोकेदुखीचा अर्थ कुणी लावला नाही. १८ मार्च १९३७ रोजी दुपारी, शाळा सुटायला काही मिनिटे उरली असताना, हस्तव्यवसायाच्या शिक्षकाने लाकूड घासण्याचे विजेचे यंत्र सुरू केले. त्याची ठिणगी पुरेशी झाली. सुमारे तीनशे माणसे मेली आणि त्यांतली बहुसंख्य मुले होती. त्याच वर्षी टेक्ससच्या विधिमंडळाने वायूत वास मिसळणे कायद्याने सक्तीचे केले, आणि मग ती प्रथा जगभर पसरली.

आज आपल्या स्वयंपाकघरात जो दर्प आपल्याला सावध करतो, तो त्या मुलांच्या मरणातून आलेला आहे. हे सांगताना मला भावनेचा आश्रय करावयाचा नाही. मला एवढेच दाखवावयाचे आहे की, वास मिसळणे ही वस्तुतः लोकांना सूचना देण्याची एक युक्ती आहे. अशिक्षितालाही कळेल, अंधारातही कळेल, कुठल्याही भाषेत कळेल अशी ती सूचना. जेथे वासाची सूचना नाही तेथे तिची जागा शब्दांनी घ्यावी लागते, आणि शब्द पोहोचविणे हे वास मिसळण्याहून किती तरी अवघड आहे. माझा आजचा विषय तोच आहे.

जमिनीखालच्या वाहिनीला धोका कशापासून असतो? गंज चढतो, सांधे झिजतात, नदीकाठची माती वाहून जाऊन नळ उघडा पडतो. ही कारणे खरीच. परंतु एक कारण असे आहे की ज्यात वाहिनीचा काही दोष नसतो. कुणीतरी खणतो आणि नळाला इजा करतो. वाहिनीवर साधारणतः मीटरभर, कोठे त्याहून थोडी अधिक माती असते. बैलाच्या नांगराला ती खोली पोहोचत नाही. पण जेसीबीचा दात एका घासात तेथवर जातो, आणि बोअरवेलच्या यंत्राला तर खोलीचा प्रश्नच नाही. यांतही नळ फुटला तर निदान तत्काळ कळते. न फुटता नुसता ओरखडा पडला, खणणाऱ्याने वर माती लोटली आणि तो गप्प बसला, तर ती गोष्ट अधिक भयंकर होय.

असा एक ओरखडा पाच वर्षे जमिनीत दबा धरून बसला होता. अमेरिकेच्या वायव्य टोकाला बेलिंगहॅम हे शहर आहे. १९९४ साली तेथील नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्राचे काम चालू असता खोदाईच्या यंत्राने पेट्रोल वाहून नेणाऱ्या एका वाहिनीला इजा केली. लोकांना पिण्याचे पाणी मिळावे म्हणून चाललेले ते काम होते, हे ध्यानात ठेवावे. खोदाई चालू असता वाहिनीच्या मालकांनी जी पाहणी करावयास हवी होती ती नीट केली नाही, असा पुढे चौकशीत ठपका आला. १० जून १९९९ रोजी वाहिनीतील दाब एकाएकी वाढला आणि नळ नेमका त्या दुखावलेल्या जागी फाटला. जवळजवळ दोन लाख सदतीस हजार गॅलन पेट्रोल उद्यानातील ओढ्यात उतरले आणि पेटले. ओढ्यावर खेळणारी दहा वर्षांची दोन मुले त्यात गेली. मासे धरण्यास गेलेला अठरा वर्षांचा एक तरुण वाफेने गुदमरून पाण्यात पडला व बुडाला. नियंत्रणयंत्रणेतील आणि दाब-झडपेतील दोषही चौकशीत उघडकीस आले, तेव्हा सगळा भार त्या ओरखड्यावर टाकणे न्याय्य होणार नाही. पण तो ओरखडा नसता तर नळ तेथे फाटता ना, हेही तितकेच खरे.

या दुर्घटनेनंतर अमेरिकेने जे नियम केले आणि जी अंमलबजावणी उभी केली, तिचा थोडा तपशील मी देणार आहे. तिकडचे सारे अनुकरणीय आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु लोकांना नुसते सांगितले म्हणजे काम झाले काय, हा जो प्रश्न शिक्षकाला रोज भेडसावतो, तोच त्या देशातील वाहिनी-सुरक्षा प्रशासनापुढे उभा राहिला, आणि त्यांनी त्याची उत्तरे शिक्षकाच्याच मार्गाने शोधली, याची मला गंमत वाटते.

नियमांची दोन अंगे आहेत. एक अंग सांगण्याचे, दुसरे विचारण्याचे. सांगण्याचे कर्तव्य वाहिनी चालविणाऱ्या कंपनीवर आहे. २००२ च्या कायद्याने लोकशिक्षणाचा कार्यक्रम सक्तीचा झाला आणि २००५ च्या नियमांनी त्याची चौकट ठरली. वाहिनीलगतचे रहिवासी, अग्निशामक दलासारखी संकटकाळी धावून जाणारी माणसे, स्थानिक अधिकारी, आणि खोदाई करणारे, अशा चार श्रोतृवर्गांना ठराविक मुदतीने माहिती दिली पाहिजे. लांब पल्ल्याच्या वाहिन्यांच्या बाबतीत रहिवाशांना दोन वर्षांतून एकदा, स्थानिक अधिकाऱ्यांना तीन वर्षांतून एकदा, अग्निशामकांना आणि खोदाईवाल्यांना दर वर्षी. जेथे इंग्रजी न समजणारे लोक बऱ्याच संख्येने असतील तेथे त्यांच्या भाषेत सांगितले पाहिजे. त्या पिवळ्या पाटीवरची इंग्रजी आठवली म्हणजे या कलमाचे महत्त्व मला विशेष वाटते. आणखी एक गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची. वाहिनी कोठून जाते हे कुणाकुणाला कळविले पाहिजे याची जी यादी नियमात आहे, तिच्यात नगरपालिका, व्यवसाय आणि रहिवासी यांच्या बरोबरीने शालेय जिल्ह्यांचा, म्हणजे शाळा चालविणाऱ्या स्थानिक मंडळांचा, स्पष्ट उल्लेख केलेला आहे. शाळेला कळविणे हे तेथे सौजन्य नव्हे, कायदा आहे.

पण कळविले म्हणजे कळले असे नव्हे. याचा दाखला २०१० साली मिशिगन संस्थानातील मार्शल या गावापाशी मिळाला. २५ जुलैच्या सायंकाळी तेथे जड खनिज तेलाची एक मोठी वाहिनी फुटली. कॅनडातील एडमंटन येथे बसलेल्या नियंत्रकांना इशारे मिळाले, पण त्यांनी त्यांचा अर्थ वेगळाच लावला आणि पंप दोनदा पुन्हा सुरू केले. बाहेर पडलेल्या तेलापैकी पाचांतले चार भाग त्या दोन वेळी पडले. इकडे गावात काय चालले होते? रात्री साडेनवाच्या सुमारास लोकांनी आपत्कालीन क्रमांकावर कळविले की, हवेत विलक्षण वास येत आहे. अग्निशामक दलाची माणसे आली, हातातील उपकरणे घेऊन फिरली, वायूची गळती कोठे सापडेना, आणि परत गेली. आपल्या गावाजवळून तेलाची वाहिनी जाते आणि असा वास तिचा असू शकतो, हा विचार कुणाला सुचला नाही. माहितीपत्रके तर वाटली गेली होतीच. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी अकरानंतर एका गॅसकंपनीच्या कामगाराने ओढ्यात तेल पाहून कळविले, तेव्हा कोठे सतरा तासांनी वाहिनी बंद झाली. आठ लाखांहून अधिक गॅलन तेल ओढ्यातून कॅलमझू नदीत पोहोचले होते. चौकशी मंडळाने आपल्या २०१२ च्या अहवालात नियंत्रण-कक्षाइतकेच कंपनीच्या लोकशिक्षणावरही बोट ठेवले.

शिक्षक बंधुभगिनींनो, पत्रक वाटणे आणि पाठ्यपुस्तक वाटणे यांत फरक तो काय? पुस्तक मुलाच्या हाती पोहोचले याची नोंद आपण घेतो, पण धडा पोहोचला की नाही हे पाहण्यासाठी आपल्याला प्रश्न विचारावे लागतात. त्या नियमांतही नेमके हेच आहे. दर चार वर्षांनी कंपनीने आपल्या लोकशिक्षणाची परिणामकारकता तपासली पाहिजे. किती लोकांपर्यंत पोहोचलो, किती जणांना समजले, त्यांच्या वागण्यात काही पालट झाला का, आणि खोदाईने होणारी इजा कमी झाली का, हे सर्व पाहावयाचे. सरकारी निरीक्षक येऊन ती कागदपत्रे पाहतात आणि उणीव दिसली तर कारवाई करतात. पहिल्या फेरीच्या या परीक्षेची मुदत जून २०१० अशी होती, आणि मार्शलची वाहिनी जुलैत फुटली. परीक्षा झाली म्हणजे विद्या आली असे होत नाही, हे आपण तरी कुणाला नव्याने सांगायला नको.

आता दुसरे अंग, विचारण्याचे. खणणाऱ्याने आधी विचारले पाहिजे. त्यासाठी मे २००७ पासून अमेरिकेत साऱ्या देशभर ८११ हा एकच दूरध्वनी क्रमांक सुरू झाला. कुंपणाचा खांब पुरावयाचा असो की इमारतीचा पाया, दोनतीन कामाचे दिवस आधी तेथे कळवावयाचे. मग ज्यांच्या ज्यांच्या वाहिन्या त्या जागेखालून जातात ते येऊन जमिनीवर रंगाने खुणा करतात. पिवळा रंग वायूचा व तेलाचा, तांबडा विजेचा, नारिंगी दूरसंचाराचा, निळा पिण्याच्या पाण्याचा, हिरवा सांडपाण्याचा. आणि जेथे खणावयाचे ती जागा पांढऱ्याने. चौथीच्या मुलांना ही रंगांची भाषा एका तासात शिकविता येईल, आणि माझा अनुभव असा की ती त्यांना फार आवडते.

कठीण भाग अंमलबजावणीचा. कंपनीवर सरकारचा वचक असतो, कारण तिचा परवाना सरकारच्या हाती असतो. पण यंत्र घेऊन आज या गावी, उद्या त्या गावी जाणारा खोदाईवाला कुणाच्या हाती सापडणार? तेथील संस्थानांचे कायदे निरनिराळे, काही कडक, काही नावापुरते. आणि कित्येक ठिकाणी सरकारी खात्यांनी स्वतःलाच सवलत देऊन ठेवलेली. खड्डा सरकारी आहे म्हणून नळ त्याला मान देत नाही, ही गोष्ट कायदे करणाऱ्यांच्या ध्यानात उशिरा येते. २००६ च्या कायद्याने केंद्र सरकारला या बाबतीत अधिकार दिले. नियम तयार होऊन ते १ जानेवारी २०१६ पासून लागू झाले. आता केंद्रीय प्रशासन दर वर्षी प्रत्येक संस्थानाची तपासणी करते. दंड करण्याचा अधिकार कुणाला आहे, दंड खरोखर केला जातो काय, त्याची माहिती जनतेला दिली जाते काय, इजा झाल्याची वार्ता मिळण्याची सोय आहे काय, असे प्रश्न विचारले जातात. उत्तर असमाधानकारक असेल तर केंद्र स्वतः खोदाईवाल्यावर कारवाई करू शकते. आणि नियमातील मला सर्वांत मोलाचे वाटणारे कलम असे की, नळाला धक्का लागला तर तो फुटो वा न फुटो, ताबडतोब कळविलेच पाहिजे. बेलिंगहॅमच्या ओरखड्याचा अर्थ त्या कलमात उतरला आहे.

आपल्याकडे काय स्थिती आहे? कायदा नाही असे नाही. जमिनीतील वापर-हक्क संपादन करण्याचा पेट्रोलियम वाहिन्यांचा कायदा १९६२ चा आहे, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदांच्याच वयाचा. या कायद्यान्वये जमीन शेतकऱ्याचीच राहते, तो पूर्ववत पीक घेऊ शकतो. परंतु वाहिनीच्या पट्ट्यात इमारत बांधणे, विहीर, तळे वा धरण करणे, झाड लावणे यांस मनाई आहे. मोबदला म्हणून बाजारभावाच्या दहा टक्के रक्कम मिळते. २०११ च्या दुरुस्तीने नासधूस आणि चोरी यांच्या शिक्षा पुष्कळ कडक झाल्या. २००६ च्या कायद्याने पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ आले, आणि त्याने सुरक्षिततेचे व आपत्कालीन व्यवस्थेचे विनियम केले. खोदाईपूर्वी कळविण्यासाठी २२ मार्च २०२३ रोजी 'कॉल बिफोर यू डिग' नावाची मोबाइलवरील सोय केंद्र सरकारने सुरू केली. मुंबईहून मनमाडकडे जाणारी तेलवाहिनी असो वा दाभोळहून बंगळूरकडे जाणारी वायुवाहिनी असो, आणि आता तर शहराशहरांतून घरोघर जाणारे गॅसचे नळ आहेत, या साऱ्यांना कायद्याचे छत्र आहे.

उणीव आहे ती शेवटच्या मैलाची. बापाने सही केली, मोबदला घेतला, आणि पंचवीस वर्षांनी मुलगा त्याच पट्ट्यात शेततळे काढावयास निघतो, कारण बापाने त्याला सांगितलेले नसते. नळपाणी योजनेचा ठेकेदार बाहेरगावचा, त्याचा जेसीबी भाड्याचा, आणि जेसीबीचा चालक कालच आलेला. त्या चालकाला कुणी सांगावयाचे? २७ जून २०१४ च्या पहाटे आंध्र प्रदेशात, तेव्हाच्या पूर्व गोदावरी जिल्ह्यातील नगरम येथे वायुवाहिनी फुटून आग लागली आणि वीसांहून अधिक माणसे झोपेत वा नुकतीच उठत असता मेली. तेथे कारण खोदाईचे नव्हते. परंतु वाहिनीच्या शेजारी राहणाऱ्याला काय माहीत असावे, गळतीची शंका कुणाकडे न्यावी आणि ती नेल्यावर कुणी दखल घ्यावी, हा प्रश्न त्या गावाने सबंध देशापुढे ठेवला.

आता कुणी म्हणेल, हेही शिक्षकानेच करावयाचे काय? जनगणना, निवडणुका आणि सर्वेक्षणे यांनंतर आता पाइपलाइनीही? ही तक्रार रास्त आहे आणि ती मी टाळू इच्छीत नाही. लोकांना सांगण्याचे कर्तव्य कंपनीचे आहे, आणि नियम मोडणाऱ्याला शासन करणे हे सरकारचे. ती दोन्ही कामे शिक्षकाच्या अंगावर लोटणे अन्यायाचे होईल. शिवाय त्यामुळे ज्यांचे ते काम आहे ते निश्चिंत होतील. माझी विनंती याच्या उलट आहे. शाळेने कंपनीला विचारावे. आपल्या शाळेपासून वाहिनी किती अंतरावर आहे, तिच्यातून काय जाते, त्याला वास आहे की नाही, आणि तुमचा माणूस आमच्या मुलांशी मराठीत बोलावयास केव्हा येणार, असे पत्र मुख्याध्यापकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या सहीने पाठवावे आणि उत्तराची नक्कल गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावी. वाहिनी कोणत्या गटांतून जाते हे कळण्यास सातबाऱ्यातील 'इतर हक्क' हा रकाना पाहावा. बहुतेक ठिकाणी तेथे नोंद आढळेल. पाटीवरचा क्रमांक पुसला गेला असेल तर तोही कळवावा. वाहिनीवरून पायी गस्त घालणारा माणूस गावात येतो, त्याला एकदा वर्गात बोलवावे. मुलांना तो आपल्या कुणाही पाहुण्याइतकाच आवडेल, आणि त्यालाही आपले काम कुणी पुसते याचा आनंद होईल.

मुलांना सांगावयाचे ते थोडे आहे, पण ते अचूक सांगितले पाहिजे. वास नसला तरी फुसफुस आवाज, डबक्यात उठणारे बुडबुडे, उगाच उडणारी धूळ, हिरव्या शेतात वाळून गेलेला एखादाच पट्टा, तेलाचा तवंग, ही लक्षणे ओळखावी. तसे दिसल्यास तेथे थांबू नये, वारा ज्या दिशेकडून येत असेल त्या दिशेला लांब जावे, काडी पेटवू नये, मोटारसायकल सुरू करू नये, मोबाइलही तेथे उभे राहून वापरू नये. लांब गेल्यावर मोठ्या माणसाकरवी पाटीवरच्या क्रमांकावर आणि ११२ वर कळवावे. आणि जेसीबी खणताना दिसला तर दुरूनच पाहावे, पण घरी येऊन वडिलांना विचारावे की, त्यांनी विचारले आहे का?

त्या चौथीतल्या मुलाला मी त्या दिवशी वासाची गोष्ट सांगितली. त्याने ती नीट ऐकून घेतली आणि मग यष्ट्या कोठे लावायच्या, असा प्रश्न केला. त्याच्या गुरुजींनी दुसऱ्या दिवशी बांबूच्या तीन काठ्या आणून पट्ट्याबाहेर रोवून दिल्या, आणि पाटीसाठी कंपनीला पत्र लिहिले. त्या पत्राचा नमुना मी सोबत आणला आहे. ज्या शाळांना तो हवा असेल त्यांनी केंद्रप्रमुखांकडून उतरून घ्यावा.